गाणं चालू असताना

तिसऱ्या स्पीकरची सुटलेली वायर वायरमन गुडघ्यावर बसून जोडत होता, तेवढ्यात दाराशी बाईंचा आवाज चढला.

"एकदा सांगितलं ना, तुम्हाला आत सोडणार नाही म्हणून!"

त्याने मान वळवली. बाई भिंतीवर आपटल्या होत्या आणि येणाऱ्यांच्या मनगटावर मारायच्या शिक्क्याच्या शाईचा त्यांच्या हातातला डबा फरशीवर घरंगळत होता. त्यांना ओलांडून, इस्त्रीच्या शर्टाची बाही नीट करत, वायरमनच्या धाकट्या बहिणीचा नवरा, घरचा जावई, आत येत होता.

शनिवारची दुपार होती. सायकलींच्या दुकानावरचा तो लांबट हॉल शंभर-सव्वाशे माणसांनी भरला होता. रात्रपाळी संपवून, झोप काढून आलेल्या नर्सा, बाजूच्या गोदामातले हमाल, नवऱ्याला न सांगता आलेल्या दोघी-तिघी, आणि दोन्ही गुडघे दुखतात म्हणून फक्त खांद्यांनी नाचणारे एक निवृत्त बसचालक. दारापाशी काय घडलं ते एकालाही कळलं नाही. गाणंच तसं लागलं होतं.

वायरमन, सुतार आणि शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाई, अशा तिघांनी आठ वर्षांपूर्वी हा उद्योग सुरू केला होता. सुताराने स्पीकरच्या पेट्या बनवल्या, वायरमनने त्यात जीव ओतला, आणि बाईंनी कुठल्या कुठल्या देशांतल्या रेकॉर्डी जमवल्या. सोल म्हणतात ती काळजाला हात घालणारी जुनी गाणी, बेटांवरचे ढोल, पितळी वाद्यांचे ताफे, गिरण्यांच्या वस्तीतली नाचाची गाणी. कशानंतर काय लागेल याचा नेम नसे, पण पाय थांबत नसत. तिघंच असूनही लोक त्यांना चांडाळचौकडी म्हणत. चौथा कोण, असं कुणी विचारलं की सुतार सगळ्यात मोठ्या स्पीकरकडे बोट दाखवायचा.

मग गेल्या वर्षी खरंच चौथी आली. वायरमनची बहीण, धाकटी. एक पिशवी, प्लास्टरमधला डावा हात आणि गळ्यापर्यंत बटणं लावलेला सदरा, एवढं घेऊन ती भावाच्या दारात उभी राहिली होती. पहिले दोन महिने ती हॉलच्या कोपऱ्यात नुसती बसून ऐकायची. तिसऱ्या महिन्यात तिने एका गाण्याच्या पोटातून दुसरं गाणं असं काही बाहेर काढलं, की सुतार हातातलं काम टाकून बघत राहिला. "हिच्या कानात काय आहे रे?" तो म्हणाला होता. तेव्हापासून तबकड्यांपुढे तीच उभी राहायची.

ते स्थळ वायरमननेच आणलं होतं. मुलगा शांत आहे, कधी आवाज चढवत नाही, असं त्यानेच आईला पटवलं होतं. आवाज चढवत नाही, हे मात्र खरं निघालं.

आताही जावयाने आवाज चढवला नाही. नाचणाऱ्यांमधून वाट काढत तो टेबलापाशी पोचला. धाकटीच्या कानांवर हेडफोन होता, नजर सुईवर होती. त्याने टेबलावरून हात घालून हेडफोनची वायर उचलली, तिच्या गळ्याभोवती दोन वेढे दिले आणि ओढली.

वायरमन धावला. मध्ये दहा-बारा माणसं होती. कुणाला ढकललं, कुणाच्या पायावर पाय पडला, त्याने बघितलं नाही. त्याला फक्त धाकटीचा चेहरा दिसत होता. तो आधी लाल झाला आणि मग त्याचा रंग बदलायला लागला. तिचा एक हात गळ्याशी होता. दुसरा तबकडीवर तसाच होता.

"घरी चल," जावई तिच्या कानाशी म्हणत होता. "खूप झाला तमाशा. मुकाट्याने घरी चल."

टेबलाशेजारी माईकचा स्टँड होता, लोखंडी, खाली जड बुडाचा. वायरमनने तो उलटा धरला आणि जावयाच्या कोपरावर घातला. वायर सुटली. धाकटी टेबलावर ओणवी पडली, खोकली, तिच्या घशातून चिरका श्वास आत गेला. जावई लटकलेला हात दुसऱ्या हातात धरून दोन पावलं मागे गेला आणि स्पीकरच्या आडोशाला खाली बसला. बसला म्हणजे पडलाच.

तिथे ते संपायला हवं होतं.

त्या गाण्यात दर दुसऱ्या ठोक्याला मोठा ढोल पडायचा. छातीत बसणारा, पोटरीपर्यंत उतरणारा. वायरमनने स्टँड पुन्हा उचलला. एका ठोक्याला हात वर जायचा, दुसऱ्याला खाली यायचा. नडगीवर. मनगटावर. बरगड्यांवर. दर खेपेला काहीतरी मोडत होतं आणि ते मोडणं हाताला वायरीतल्या करंटसारखं जाणवत होतं. हातांना इतकं हलकं त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. मागून कुणीतरी त्याचा सदरा धरला. त्याने न बघता कोपर मागे फेकलं. ते कशावर तरी बसलं आणि सदरा सुटला.

गाणं संपलं. पुढचं लागायला दोन-तीन सेकंद गेले. धाकटीच्या हातून अशी फट कधी पडत नसे.

पुढचं गाणं सुरू झालं तेव्हा सुताराने त्याला मागून विळखा घातला होता आणि स्टँड फरशीवर पडला होता.

"सोड. बस झालं. अरे, मरेल तो! सोड!"

हॉलच्या पलीकडच्या टोकाला लोक अजून नाचत होते. हॉलचा तो नियमच होता आणि तो बाईंनी घालून दिला होता. काहीही झालं, मारामारी होवो, कुणाला फेफरं येवो, गाणं थांबवायचं नाही. गाणं थांबलं की लोक पळतात, आणि इथे खाली जायला जिना एकच. धाकटीच्या गळ्यावर वायरीचे दोन लालभडक वळ उठले होते, मान एका बाजूला कलली होती, तरी ती एक एक गाणं लावत राहिली. आवाज हळूहळू उतरवत तिने अर्ध्या तासात सगळा हॉल रिकामा केला. बसचालक जाता जाता तिच्या डोक्यावर हात ठेवून गेले.

जावयाला स्ट्रेचरवरून नेलं. त्याच्या पांढऱ्या शर्टाची एक बाही अजून नीट होती.

जिन्याच्या पायरीवर बाई तोंडाला रुमाल लावून बसल्या होत्या. रुमाल पार भिजला होता. वायरमन त्यांच्यापाशी गेला.

"बाई, त्याने मारलं तुम्हाला?"

बाईंनी मान हलवली, नाही म्हणून. मूठ उघडून दाखवली. तळहातावर दोन दात होते. मग त्यांनी त्याच्या उजव्या कोपराकडे बघितलं आणि नजर दुसरीकडे वळवली. त्याने कोपर उलटं करून पाहिलं. सदरा फाटला होता आणि आतली कातडीही.

संध्याकाळी चौघंही पोलीस चौकीत बाकावर बसले होते. अधिकारी थकलेला, पोक्त माणूस होता. दवाखान्यात जाऊन, हॉलवरच्या दोघा-तिघांकडून हकीकत ऐकून आला होता. दाराशीच उभा राहून, हातातल्या कागदाने वारा घेत तो म्हणाला,

"हाडं चार ठिकाणी मोडली आहेत. माणूस वाचेल. पण त्याचं म्हणणं असं की कुणी मारलं नाही. जिन्यावरून पडलो म्हणतो."

सुतार एकदम सावरून बसला. वायरमनने मान वर केली.

"वायरीचं प्रकरण बाहेर यायला नको असेल त्याला," अधिकारी म्हणाला. "नाहीतर मेहुण्याने झोडपलं, हे सांगायची लाज. ते त्याचं तो जाणे. आता तुम्ही चौघांनीही तेच लिहून दिलंत तर मला हा कागद आजच्या आज बंद करता येईल. तुमच्याच भल्याचं सांगतोय. नाहीतर यांचा वायरिंगचा परवाना जाईल आणि वर दोन-तीन वर्षं आत. बघा काय ते."

सुतार पहिला आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याने वायरमनच्या खांद्यावर थाप मारली.

"जिना. निसरडा होता. मी स्वतः डोळ्यांनी बघितलं."

त्याला हसायचं होतं, पण बाईंकडे नजर गेल्यावर ते जमलं नाही. बाई आत गेल्या. त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी कागद मागून घेतला आणि मुलांची उत्तरं तपासावी तशा सरळ अक्षरात लिहून दिलं. परत येऊन बसल्यावर सुताराने विचारलं,

"दातांचं काय सांगितलंत?"

बाईंनी हवेत चौकोन काढला. स्पीकरची पेटी. उचलताना लागली.

वायरमनने मान खाली घातली. रेकॉर्डी पुसायचं मऊ फडकं त्याच्या खिशात होतं. ते काढून तो नखांतलं रक्त पुसत बसला.

"दादा," धाकटी म्हणाली. तिचा आवाज गळ्यातल्या गळ्यात घासत होता. "मी ते नाही सांगणार."

"काय नाही सांगणार?"

"जिना."

त्याचे हात थांबले. "धाकटे, वेड लागलंय का तुला? ऐकलंस ना ते काय म्हणाले? तुरुंगात जाईन मी."

"ऐकलं."

"अगं, तुझ्यासाठी मारलं मी त्याला!"

"पहिला," ती म्हणाली. "पहिला फटका माझ्यासाठी होता. तो बसला नसता तर मी आज इथे नसते. हे मी आत सांगणार आहे, गळासुद्धा दाखवणार आहे. पण तो पडल्यावर तू तीन मारलेस. मी मोजले."

"मोजलेस? तेव्हा तू मोजत बसली होतीस?"

"मोजावे लागले नाहीत. तालावर मारत होतास तू."

सुतार उठून खिडकीपाशी गेला आणि बाहेर बघत राहिला.

धाकटीने सदऱ्याचं वरचं बटण काढलं. वळ आता निळे पडले होते.

"सात वर्षं मी दवाखान्यात जाऊन हेच सांगत होते, दादा. जिन्यावरून पडले. हात मोडला तेव्हा जिना, कान फुटला तेव्हा जिना. डॉक्टर लिहून घ्यायचे. एकदा तूसुद्धा भेटायला आला होतास, तुलाही तेच सांगितलं. तू म्हणालास, जपून चालत जा गं."

"मला काय ठाऊक..."

"आमचं घर बैठं होतं," ती म्हणाली. "सगळी वस्तीच बैठ्या घरांची. अख्ख्या गल्लीत कुणाकडे जिना नव्हता. तू दोनदा जेवून गेला होतास."

चौकीतला पंखा घरघरत होता. बाईंनी रुमाल तोंडावरून काढला आणि धाकटीकडे बघितलं. मग स्वतःच्या हातातल्या पेनाकडे.

"हा शब्द मला पुन्हा तोंडातून काढायचा नाही," धाकटी म्हणाली. "त्याच्यासाठी नाही आणि तुझ्यासाठीही नाही. तुझ्यावर रागावलेले नाहीये मी. तू तुरुंगात गेलास तर दर आठवड्याला भेटायला येईन. पण हे नाही."

ती उठली. जाताना तिने त्याच्या मांडीवरचं फडकं उचललं, घडी घातली आणि परत ठेवलं.

खोलीच्या दाराला अर्ध्यापर्यंत काच होती. वायरमनला आतला आवाज ऐकू येत नव्हता, फक्त दिसत होतं. धाकटीने मान वर करून गळा दाखवला. अधिकारी वाकून बघत राहिला, मग त्याने लिहायला घेतलं. बराच वेळ ती बोलत होती. मध्येच तिने टेबलावर बोट आपटलं. एक. थोडं थांबून दुसरं. तेवढंच थांबून तिसरं. अधिकाऱ्याने लेखणी उचलली आणि तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली, हो म्हणून.

"तोडून टाकलं सगळं त्या पोरीने," खिडकीपाशी उभा असलेला सुतार हळूच म्हणाला. "पण अजून तुझं व्हायचंय. तू आपला जिनाच धर. तिघांचं एक म्हणणं आणि तिचं एकटीचं. तिचा गळा आवळला होता, डोळ्यांपुढे अंधारी होती, तिला काय दिसलं असणार? सहज उडेल ते."

वायरमनचं उजवं कोपर आता ठणकायला लागलं होतं. शेजारी बाई बसल्या होत्या. त्यांच्या ओठांवर रक्त सुकून काळं झालं होतं आणि त्या दार उघडायची वाट बघत होत्या.

दार उघडलं. धाकटी बाहेर आली. तिच्यामागून अधिकाऱ्याने वायरमनला बोटाने खूण केली.

"या. तुमच्या बहिणीने तर भलतंच लिहून दिलंय. आता तुम्ही काय म्हणता?"

वायरमन उठला. फडकं बाकावर ठेवलं. धाकटी दाराला पाठ लावून उभी राहिली, त्याला वाट करून द्यायला. तो तिच्यासमोर थांबला, पण बोलला तो अधिकाऱ्याकडे बघून.

"तीन नाही, साहेब. पडल्यावर चार. हिची पाठ वळली होती, रेकॉर्ड बदलत होती ती."

अधिकाऱ्याने डोळ्यांवरचा चष्मा काढला.

"तेव्हा ताल नव्हता," वायरमन धाकटीला म्हणाला. "गाणं संपलं होतं."