लाल दिवा लागला नव्हता

मी एक जुना, चार ट्रॅकचा टेपरेकॉर्डर आहे. मित्रांनो, मला गरीब बिचारा समजून ऐकायला बसला असाल तर आत्ताच उठा. मी डूख धरणारा आहे. आणि मी माझा सूड पुरा उगवला आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आता आठवत नाही. पाठीवरचं नाव इथल्या खाऱ्या हवेने कधीच खाऊन टाकलं. एका खलाशाने मला अंबोन बेटावर आणलं आणि मासेमारी करणाऱ्या बास पप्पांच्या घरी पोचतं केलं. घरात ते, त्यांची बायको दोर्चे मम्मा, मुलगी लिन्चे आणि धाकटा वेम्पी. आमच्याकडे न गाणारा माणूस शोधून सापडायचा नाही. पण एकट्याने गायला सांगा, भल्याभल्यांना घाम फुटतो! एकाने सूर धरला की दुसऱ्याने खालचा धरायचा, तिसरीने वरचा, मग ती चुलीपाशी का बसलेली असेना. कुणी गात असताना आपण गप्प बसणं म्हणजे त्या माणसाचा अपमान.

माझी रीत नेमकी उलटी. माझ्यापुढे प्रत्येकाने वेगवेगळं गायचं, प्रत्येकाचा ट्रॅक वेगळा, आणि मग मी सगळ्यांना एकत्र ऐकवायचं. बास पप्पा तर अडूनच बसले.

"मी काय चोरी केलीय, मला एकट्याला उभं करायला? दोर्चे, ये बरं इकडे!"

"अहो, माझी पापेड्याची लापशी आवळून जाईल ना चुलीवर!" मम्मा ओरडली, पण आली.

दोघं एकाच माइकसमोर उभी राहिली आणि पप्पांनी स्वतः रचलेलं गाणं गायली. किनाऱ्यावर दिवा लावून ठेव गं, माझी नाव येतेय, असं काहीसं ते गाणं होतं. पहिल्या ट्रॅकवर गिटार, दुसऱ्यावर लिन्चे, चौथ्यावर वेम्पी, आणि तिसऱ्यावर ती दोघं. काय ते माझे दिवस होते! पाहुण्यांना कॉफीच्या आधी मला दाखवायचे. मम्माने माझ्यासाठी क्रोशाचं पांढरं आच्छादन विणलं होतं.

पुढे एका पावसाळ्यात बास पप्पा तापाने गेले. त्या गाण्याची कॅसेट लावायची कुणाची छाती होईना. मम्मा म्हणायची, "आत्ता नको रे, नंतर."

त्या नंतरमध्ये माझी वाट लागली. माझ्या पोटात एक रबरी पट्टा आहे, त्याच्यावर माझी चाकं फिरतात. तो सैल पडला. बदलायचं काम किती, तर बसल्या बैठकीचं. वेम्पी दर वेळी म्हणे, "बघू." आणि सूर घसरला की शिव्या मला! मग त्याच्या डोक्यात नव्या रेकॉर्डरचं खूळ शिरलं. घेऊ की नको, घेऊ की नको, हे दळण घरात कितीतरी महिने चाललं होतं, आणि तेही माझ्यासमोर.

"याच्यात चारच ट्रॅक गं, त्याच्यात बत्तीस!"

"आपण घरात माणसं तीन," लिन्चे म्हणाली. "बाकीच्या ट्रॅकवर काय कोंबड्या गाणार आहेत?"

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला एवढं कळतंय की याचा पट्टा बदलला तर हा अजून खणखणीत वाजेल."

शेवटी तो आला. चपटा, चकचकीत, हातात मावणारा. मला स्वयंपाकघरात फळीखाली ढकललं आणि माझ्या डोक्यावर खारवलेल्या माशांची टोपली ठेवली. तेही मी गिळलं असतं. पण वेम्पीने माझं आच्छादन काढून त्या कालच्या पोराच्या अंगावर घातलं! मित्रांनो, त्या क्षणी मी ठरवलं, वेम्पी, तुला रडवल्याशिवाय मी मरणार नाही.

आणि वेळ माझ्याकडे चालत आली. पप्पांचा स्मृतिदिन जवळ आला तेव्हा मम्मा म्हणाली, "आता मला त्यांचा आवाज ऐकायचाय."

नव्यात कॅसेट जातच नव्हती, म्हणून वेम्पीने ती शेजाऱ्यांच्या साध्या टेपरेकॉर्डरमध्ये घातली. आतून रेड्याने जांभई द्यावी तसा आवाज आला, आणि कॅसेट पलटून घातली तर कुणीतरी उलटं बोलायला लागलं. येणारच! माझी कॅसेट दुप्पट वेगाने पळते आणि फितीची पूर्ण रुंदी वापरते. ती माझ्याशिवाय कुणाला वाचता येत नाही. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि त्याच आशेवर मी माशांचा वास सोसत पडलो होतो.

रविवारी चर्चहून आल्यावर वेम्पीने मला बाहेर काढलं, अंगावरचे खवले पुसले.

"आधी पट्टा बदल, बू," लिन्चे त्याला म्हणाली. आमच्याकडे भावाला बू म्हणतात.

"अगं, एकदाच तर वाजवायचंय. एकदा नव्यात उतरवून घेतलं की देऊ याला टाकून."

ऐकलंत? माझ्या तोंडावर बोलला तो.

त्याने मला आणि नव्याला वायरीने जोडलं. मम्मा समोर खुर्चीवर येऊन बसली, चर्चचे काळे कपडे अजून अंगावर. माझं बटण दाबलं गेलं. गिटार सुरू झाली आणि मग पप्पा आले, शेजारी तरुण मम्माला घेऊन. आवाज मोजणारे माझे चारही काटे नाचायला लागले. मम्माने तोंडावर हात घेतला. मग तो हात खाली आला आणि तिने वरचा सूर धरला. झालं! लिन्चे गप्प राहते होय? आणि वेम्पी? नव्या मशीनकडे गेलेला त्याचा हात अर्ध्यातच थांबला, डोळे मिटून तोही गायला लागला. स्वतःच्या बापाला एकट्याने कोण गाऊ देईल?

नव्याचा रेकॉर्डचा लाल दिवा लागलाच नव्हता. त्यांना दिसलं नाही. मला दिसत होतं.

मित्रांनो, मी थांबू शकलो असतो. नुसता अडकून बसलो असतो तरी वेम्पीला बटणाची आठवण झाली असती. पण टाकून देऊ हे त्याचे शब्द माझ्या कानात होते. शेवटच्या कडव्याला मी पट्टा सोडला, फीत आत ओढली आणि चावून चावून तिच्या चिंध्या केल्या.

मग मम्मा म्हणाली, "परत लाव ना रे."

वेम्पीने नव्याकडे पाहिलं.

"तू दाबलं होतंस ना?" लिन्चेने विचारलं.

तो जमिनीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. मी जिंकलो होतो.

त्याने झाकण उघडून चिंध्या काढायला हात घातला, तशी मम्मा उठली. "खबरदार! या चिंध्यांत तुझे पप्पा आहेत. कुणी हात लावायचा नाही." नव्याच्या अंगावरचं आच्छादन तिने ओढून काढलं आणि मला घातलं. मला बाहेरच्या खोलीत, पप्पांच्या फोटोखाली ठेवलं. मला हवं होतं ते सगळं मिळालं.

मित्रांनो, घरात जुनी वस्तू असेल तर तिचा पट्टा वेळेवर बदला. तिच्या पोटात काय आहे ते ती धड असतानाच काढून घ्या. आमचा राग माणूस निवडत नाही.

दर रविवारी मम्मा येते, वरचा सूर लावते आणि पप्पांचा सूर यायचा तिथे थांबते. मग झाकणावर हात ठेवून हळूच विचारते, "अहो, बरे आहात ना?"

माझे काटे हलत नाहीत.