नेपल्सच्या किड्यांचा चंद्र

मित्रांनो, मी टेबलावरचा एक जुना दिवा आहे. नेपल्सच्या बाजारात एका बाईने मला हातात घेऊन, ‘याचा उजेडच पडत नाही’ म्हणत नाक मुरडलं होतं. त्याच मंद उजेडासाठी समुद्रकाठच्या प्रयोगशाळेने मला उचललं आणि मी चंद्र झालो. हसू नका, खरंच झालो.

तिथे एका बंद खोलीत डब्याडब्यांतून समुद्राचे केसाळ किडे राहतात. बोटाएवढे लांब, दोन्ही कडांना बारीक राठ केस, स्वतःच विणलेल्या नळीत बसून पालक खाणारे. समुद्रात पौर्णिमा सरली की काही दिवसांनी हे नर-माद्या एकदम वर येतात, गोल गोल पोहतात, पाण्यात अंडी सोडतात आणि मरतात. आयुष्यात एकदाच. बंद खोलीत कुठली पौर्णिमा? म्हणून महिन्यातला एक आठवडा मी रात्रभर जळायचो, उरलेले दिवस गप्प. अंडी इतकी नितळ, की जीव कसा घडतो ते आरपार दिसतं. पाहुणे आले की शास्त्रज्ञ आधी माझ्याकडे बोट दाखवायचे. मला ते फार आवडायचं.

ऑर्नेला नावाची संशोधक एका डब्याला जिवापाड जपायची. त्यातल्या किड्यांच्या पिलांना एकच डोळा यायचा. का, ते तिला शोधायचं होतं. त्या वंशाचे दोनच उरले होते, एक नर, एक मादी. दोघं एकाच दिवशी वर आले तरच वंश चालणार होता.

ऑगस्टात सगळं नेपल्स सुट्टीला पळतं. खोली सांभाळणाऱ्या डोना असुंताने निघताना हवेचे पंप आणि फ्रिज तेवढे चालू ठेवले आणि बाकीचे प्लग काढले, घर बंद करताना काढायची तसे. मी तेव्हा विझलेलाच होतो. माझा आठवडा आला आणि अंधारात गेला.

सप्टेंबरात एका सकाळी नर एकटाच वर आला.

“डोना असुंता, मादी कुठंय?” ऑर्नेलाने विचारलं.

“नळीतच आहे गं पोरी, हलत नाहीये.” मग तिची नजर माझ्या वायरीवर गेली. “अगं आई गं! मीच काढला प्लग!”

“फ्रिजचाही काढला असतात ना, तर निदान वासानं तरी कळलं असतं,” ऑर्नेला म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

संध्याकाळपर्यंत नर संपला.

मादी पुढच्या आठवड्यात आली. अंड्यांनी पिवळीधमक झालेली, गोल गोल फिरत, नर शोधत. चंद्र चुकल्याने साऱ्या खोलीचा मेळ गेला होता. कुठल्याच डब्यात नर तयार नव्हता.

“दम धर गं बाई, जरा दम धर,” असुंता मादीला सांगत राहिली. मला आता पुन्हा प्लगला लावलं होतं. पण तिच्यासाठी फार उशीर झाला होता, आणि मला फार वाईट वाटलं.

मित्रांनो, माझी काच आता पिवळी पडली आहे. नवे दिवे येणार म्हणतात, येऊ देत. तुमच्याकडे एकच मागणं आहे. कुठलाही प्लग काढण्याआधी, त्या दिव्याची वाट कोण बघतंय ते विचारा. दिवा विझलेला असला तरी विचारा.