संचालकांची गाळणी

“नकाशातील रुंद तेजस्वी पट्टा हा वातावरणाचा दोष असून शुद्धीकरणात तो वगळण्यात आला आहे.” वेधशाळेच्या संचालकांचे हे अधिकृत निवेदन. भाषा निर्दोष होती. फक्त विधान खोटे होते.

पट्टा वेधशाळेतल्याच एका संशोधिकेने शोधला होता. आपल्या आकाशगंगेतली थंड धूळ, जिच्यातून तारे जन्मतात, मिलिमीटर लांबीच्या रेडिओलहरींत अशी उजळते. पट्टा नकाशातून गेला, तर तिचा शोधही गेला आणि आकाश-सर्वेक्षणातली तिची जागाही.

हवेतली वाफसुद्धा याच लहरींत चमकते. म्हणून संचालकांनी रचलेली संगणकीय गाळणी सरळ न्याय लावी: दुर्बिणीतल्या सगळ्या संवेदकांना एकदम दिसते ते हवेचे, वजा करा. दुर्बिणीच्या नजरेहून रुंद असे काही आकाशातही असू शकते, ही शंका त्यांच्या विद्वत्तेला कधी शिवली नाही.

“तुझं ऐकतील का गं ते?” बैठकीच्या दिवशी सकाळी इस्त्री करताना तिच्या ताईने विचारले.

“माझं नको, स्वतःचं ऐकलं तरी पुरे.”

“जन्मभर स्वतःचंच तर ऐकतायत! तिथंच घोडं पेंड खातंय.”

बैठकीत तिने वाद घातला नाही. सर्वांदेखत तिने मूळ नोंदींत स्वतः घडवलेला एक रुंद, कृत्रिम पट्टा मिसळला.

“सर, आता गाळणी आपल्याच हाताने चालवा.”

त्यांनी चालवली. पट्टा गायब.

“बघा! कशी चोख आहे!” संचालक खुलले.

“म्हणजे तो हवेचा होता?”

“छे, हवेचा कसला? तो तर तुम्हीच आत्ता...”

मागच्या रांगेतून कुणीतरी खोकल्याच्या नावाखाली हसून घेतले.

मग तिने आपली पद्धत लावली. एकच आकाश, दुर्बीण आधी आडवी, नंतर उभी फिरवून टिपलेले. दोन टिपणांमध्ये जे सरकले ते हवेचे, जे जागचे हलले नाही ते आकाशगंगेचे. पडद्यावर एकेक तेजस्वी प्रदेश उमलत गेला, आणि आजवर सुटे मानलेले दोन प्रदेश तिच्या पट्ट्याने एका सलग, झगझगीत कण्यात जोडले. सभागृह उठून उभे राहिले. टाळ्या थांबेनात.

अभिनंदनाचा पुष्पगुच्छ तिने बाजूला सारला. जे निवेदन छापून वाटले गेले, त्याची दुरुस्तीही छापूनच हवी, एवढेच ती म्हणाली. संध्याकाळी नव्या नकाशाखाली संचालकांच्या सहीनिशी ती दुरुस्ती झळकली:

“पट्टा आकाशातच होता. दोष वातावरणाचा नव्हता, माझ्या गाळणीचा होता. आणि ती न तपासताच मी पट्टा पुसला.”