होडीच्या आधी पाय

"मावशी, आम्ही शाळेत तुमच्यासारखं लुगडं नेसून, डोक्यावर टोपली घेऊन कोळी डान्स करतो. तुम्हाला राग येतो का त्याचा?"

सान्वीने हे विचारलं तेव्हा आवडाबाईंचा कोयता सुरमईच्या मानेवर होता. तो तिथेच थांबला. डोंबिवली पश्चिमेच्या मासळी बाजारात रविवारी सकाळी कोणी भाव विचारतं, कोणी ताजी आहे का विचारतं. राग येतो का असं आजवर कोणी विचारलं नव्हतं. दोन पावलं मागे दिपिका आणि संचिता एकमेकींचे दंड घट्ट धरून उभ्या होत्या. पैज त्यांचीच होती.

भांडण शुक्रवारी मधल्या सुट्टीत पेटलेलं. दिपिकाने मोबाईलवर कुठेतरी पाहिलेलं आणि तिचं डोकंच फिरलेलं. "याला कल्चरल अप्रोप्रिएशन म्हणतात. दुसऱ्याची संस्कृती ढापायची आणि टाळ्या आपण घ्यायच्या."

"मग नवरात्रात दांडिया खेळायच्या आधी तू गुजरातला अर्ज करतेस का?" संचिताने डबा बंद करत विचारलं होतं.

दोघी पुढचा तास संपेपर्यंत कुजबुजत भांडल्या. शेवटी सान्वी म्हणाली, "अरे, ज्यांचं आहे त्यांनाच विचारू ना."

"विचार मग. आहे हिंमत?"

मागच्या वर्षीची सान्वी असती तर तिने हळूच विषय बदलला असता. मागच्या वर्षी तिला प्रार्थनेनंतर सुविचार वाचायला स्टेजवर बोलावलं, तर तिला खरोखरचा ताप आला होता, शंभरावर एक. पण या वर्षी ती येत्या गॅदरिंगच्या कोळी डान्समध्ये होती, आणि नुसती होती असं नाही, वीस मुलींच्या पुढे एकटी उभी होती. तेव्हापासून ती रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून वाद घालायला लागली होती. मग आवडाबाई काय चीज?

"राग?" आवडाबाईंनी कोयता बाजूला ठेवला. "मना कनाला राग येल गो? नाचा की. दाव बघू."

सान्वीने मोबाईलवर शाळेच्या गणवेशातल्या तालमीचा व्हिडिओ लावून त्यांच्यापुढे धरला. आवडाबाईंनी ओले हात लांब ठेवून मान पुढे काढली. थोडा वेळ त्या गंभीर होत्या. मग त्यांचं पोट हलायला लागलं.

"ह्या म्हावऱ्याला पापन्या कोनी लावल्या?"

थर्माकोलच्या माशांना पापण्या संचितानेच काढल्या होत्या. ती दिपिकाच्या मागे सरकली.

"आनि पोरींनो, तुमी होरीत उभं ऱ्हायल्याव कवा?"

"होडीत? नाही बाबा."

"तेच. आदी होरी हालते, मंग मानूस हालतं. तुमी होरीच्या आदीच हालताव. पानी कुठं चाललंय, तुमी कुठं." त्या पुन्हा हसल्या. मग डोळे बारीक करून त्यांनी पडद्यावर काहीतरी शोधलं. "पन माजी नात कुठं हाय यात?"

"तुमची नात?"

"वर्षाली. तुमच्याच शालेत हाय. नववीत."

सान्वीने व्हिडिओ थांबवला. नववी ब. खिडकीजवळचा बाक. वर्षाली डान्समध्ये होती, अगदी सुरुवातीला, तीन दिवस. चौथ्या दिवशी डान्स बसवणारे सौमित्र सर म्हणाले, "तुझा पाय मागे पडतोय, लाईन बिघडते," आणि तिला बसवलं. तिच्या जागी बाहेर उभ्या असलेल्या एका जादा मुलीला घेतलं. ती जादा मुलगी म्हणजे सान्वी. आत आल्यावर तिने असा काही धडाका लावला की दोन आठवड्यांत मागून पुढे, पुढून मधे. त्यात वर्षाली कुठे गेली हे तिला कधी आठवलंच नव्हतं.

"ती बोलली, मनाच नाय नाचाचं," आवडाबाई म्हणाल्या. "मना वाटलं, तरी गेली आसंल. जाऊ दे. लाजते पोर. सुरमई किती देऊ?"

परतताना दिपिका विचारून विचारून थकली. "म्हणजे चालतं की नाही चालतं? कोण जिंकलं?" सान्वीच्या हातात अर्धा किलो सुरमई होती आणि तिला ती दहा किलोची वाटत होती.

सोमवारी तिने वर्षालीला पाण्याच्या नळाशी गाठलं.

"तू घरी खोटं का सांगितलंस?"

वर्षालीने बाटली भरून, झाकण लावून, मगच वर पाहिलं. "मग काय सांगू? कोळ्याच्या पोरीला कोळी डान्स जमत नाही म्हणून काढलं? आजी भर बाजारात हसेल. नाहीतर शाळेत येईल, कोयता घेऊन."

सान्वीला हसू आलं आणि लगेच लाज वाटली. "मला शिकव ना तो पाय," ती म्हणाली.

"कशाला? तुझा लाईनीत पडतो."

"शिकव तरी."

शाळा सुटल्यावर दोघी वर्षालीच्या घरी गेल्या, कोपर स्टेशनच्या पुढे, खाडीच्या बाजूला. दारापुढच्या ओट्यावर जाळी वाळत घातलेली. ती सरकवून दोघी उभ्या राहिल्या. वर्षाली म्हणाली, "काही करू नको. आधी कमरेतून जाऊ दे. गेलीस? आता थांब. थांब म्हणते ना. आता पाय." बघायला सोपं होतं. करायला गेलं की सान्वीचा पाय आपला आधीच पुढे. दहा वेळा, वीस वेळा. तो मधला थांबणारा क्षण तिला सापडतच नव्हता. तिला थांबायची सवयच राहिली नव्हती. वर्षाली मात्र एका हाताने जाळीतला काटा काढत, गाण्याशिवाय, सहज झुलत होती, आणि ओट्याखाली खरंच पाणी असावं असं वाटत होतं.

अंधार पडायच्या आत सान्वीला तो पाय एकदा जमला. एकदाच. "हां, हा," वर्षाली म्हणाली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

"उद्या तालमीला चल," सान्वी म्हणाली.

"एकदा हाकललंय मला. मी येत नसते."

मंगळवारी तालमीत सान्वीने एकटीने तो पाय टाकला. मागच्या रांगेने धडक दिली, टोपली पडली, पापण्यांचं एक पापलेट घरंगळत थेट सरांच्या बुटापाशी गेलं.

सौमित्र सरांनी गाणं थांबवलं. "सान्वी, तुझा पाय मागे पडतोय."

"सर, हेच तुम्ही वर्षालीला बोललेलात." आवाज कापत होता, पण बंद पडला नाही. "तिचा मागे नव्हता पडत, सर. आपले सगळ्यांचे पुढे पडतायत. आधी होडी हलते, मग माणूस."

"तुला कोणी सांगितलं हे?"

"वर्षालीच्या आजीने. त्या होडीत उभ्या राहिलेल्या आहेत."

सरांनी पापलेट उचलून टोपलीत ठेवलं. मग त्यांनी नववी ब मधून वर्षालीला बोलावलं. ती आली ती तोंड वाकडं करूनच, हातात वही तशीच. सरांनी गाणं लावलं. पहिल्या दोन ओळी ती नुसती उभी होती. तिसरीला वही बाकावर गेली. चौथीला हॉलमधली कुजबुज थांबली, आणि पाचवीला शेवटच्या रांगेतल्या मुली, कोणी सांगितलं नसताना, तिच्यासारख्या झुलायला लागल्या.

सर स्टेजच्या कडेला बसले. "मी हा डान्स व्हिडिओ बघून बसवला," ते म्हणाले. "विचारायला पाहिजे होतं कोणालातरी. वर्षाली, माझं चुकलं." मग ते सान्वीकडे वळले. "आता अडचण अशी आहे, की मागच्या सगळ्यांना बघायला समोर हाच पाय हवा. आणि समोर जागा एकच आहे. तुझ्या घरच्यांनी तयारी केलीय, मला माहितीय. मी काढणार नाही तुला. घरी बोल, उद्या सांग."

शाळेच्या फाटकाशी वर्षालीने तिला अडवलं. "मला तुझी जागा नकोय हां. दया-बिया असेल तर मुळीच नको."

"दया कसली? मला रडायला येतंय," सान्वी म्हणाली, आणि ते खरंच होतं.

"मग रड. मी थांबते."

सान्वी रडली नाही. तिला हसू फुटलं. दोघी रिक्षा स्टँडपर्यंत चालत गेल्या. वाटेत रस्ता ओलांडताना सान्वी कमरेतून गेली, थांबली, मग पाय. जमलं. मागचा स्कूटरवाला हॉर्न देत राहिला.

घरी पलंगावर तिचं लुगडं इस्त्री करून ठेवलेलं होतं, पुढच्या मुलीसाठी म्हणून मुद्दाम घेतलेलं, हिरवं, रुंद काठाचं. आई फोनवर कराडच्या मामाला सांगत होती, "हो हो, सगळ्यांच्या पुढे. ओळखायला काही त्रासच नाही." बाबा नव्या स्टँडवर मोबाईल अडकवून बघत होते.

"आई, फोन ठेव. बाबा, ते पण ठेवा. मला काहीतरी सांगायचंय आणि मधे कोणी बोलायचं नाही."

"कोण आहे तो?" बाबांनी विचारलं.

"बाबा."

"बरं बरं. बोल."

सान्वीने श्वास घेतला. क्षणभर थांबली. मग म्हणाली, "गॅदरिंगला पुढे वर्षाली उभी राहणार. आवडा मावशींची नात. डान्स त्यांचा आहे आणि तिला येतो, मला अजून येत नाही, पण येईल. मला कोणी काढलेलं नाही, मी ठरवलंय. मी दुसऱ्या रांगेत, डावीकडून तिसरी. आई, मामाला सांग की हिरवं लुगडं शोधायचं. आणि बाबा, स्टँड थोडा डावीकडे लावा."