कोठीवर खिळ्याने कोरलेलं नाव

मी एक जुनी कोठी आहे. स्टीलची, तांदूळ ठेवायची. नुसती कोठी म्हणून नाक मुरडू नका, मित्रांनो. तुमचे प्लास्टिकचे डबे दोन उन्हाळ्यांत पिवळे पडतात. मी अजून चकाकेन, कोणी पुसलं तर. कोणी पुसत नाही, ती गोष्ट वेगळी.

माझं शिक्षण थोडं. अंगावर कोरलीत तेवढीच अक्षरं मला येतात. नगरच्या भांड्यांच्या दुकानात मशीन घरघरवून कोरलं होतं, 'चि. शालन हिस आईकडून'. शालनचं केरूशी लग्न झालं आणि ती त्याच्यामागे सौदीला, अल खोबरला गेली. मी पोटात कुरडया घेऊन विमानाने गेले. केरू एसी दुरुस्त करायचा, शालन दवाखान्यात नर्स होती.

एका फ्लॅटमध्ये दोन कुटुंबं, स्वयंपाकघर एकच. दुसऱ्या खोलीत वसईची नातालीन आणि तिचा नवरा इनास, बंदरात क्रेन चालवणारा. दोन्ही घरं ख्रिस्ती. पण शालन प्रोटेस्टंट आणि नातालीन कॅथलिक. तिथे आपली प्रार्थना उघड करायची मुभा नव्हती. चर्च नव्हतं, फादर नव्हता. म्हणून शालनचं बायबल आणि नातालीनची जपमाळ, दोन्ही माझ्या तांदळात पुरलेली असत. शुक्रवारी सुट्टीला ती दोन्ही बाहेर निघाली, की भांडण लागलंच. नातालीन सुरुवात करायची,

"ताई, तुझ्या बायबलात सात पुस्तकं कमी आहेत. उंदरांनी खाल्ली काय?"

"तुमच्यात सात जास्त का, ते तुमच्या पोपला विचार. आणि पोळीला तूप लावू का, तेही विचारून घे."

"कर चेष्टा. पण शास्त्रात कुठलं पुस्तक ठेवायचं ते ठरवलं कोणी? ख्रिस्तसभेनेच ना? आधी माणसांनी माणसांना सांगितलं, मग लिहिलं."

"सांगणारा चुकतो गं. मला लिहिलेलं दाखव."

एक मळायची, दुसरी लाटायची आणि तोंडं चालूच. मला वाटायचं, या दोघींना एकमेकींशिवाय करमायचं नाही.

मग लढाई आली. इराकने कुवेत घेतलं होतं आणि आता त्याची क्षेपणास्त्रं आमच्या बाजूला येऊ लागली. त्यांत विषारी वायू असेल, असं सगळे म्हणत. खिडक्यांना चिकटपट्ट्या लावल्या, दाराखाली ओले टॉवेल कोंबले. नळ बंद पडेल म्हणून शालनने माझ्यातला तांदूळ पिशवीत ओतला आणि मला काठोकाठ पाण्याने भरलं.

एका संध्याकाळी भोंगा झाला. केरू कामावर अडकलेला, इनास बंदरात. त्यातच नातालीनला सातव्या महिन्यात कळा सुरू झाल्या. फोन लागेना, गाडी येईना. शालनने त्या बंद खोलीत, मला शेजारी ओढून, बाळंतपण केलं. मुलगी झाली. ओंजळीत मावेल एवढी. रडली नाही, नुसती कण्हली. ओठ निळे. शालन फुंकर घाली, छाती चोळी. श्वास येई आणि पुन्हा थांबे.

नातालीनला न सांगता कळलं. "ताई, हिला स्नानसंस्कार दे."

मित्रांनो, शालन त्यालाच बाप्तिस्मा म्हणायची. डोक्यावर पाणी घालून लेकराला देवाच्या पदरात घालायचं.

"मी? मी काय पाळक आहे?"

"मरण दारात असलं आणि फादर नसला तर कोणीही देऊ शकतं. आमची ख्रिस्तसभाच सांगते. तूसुद्धा चालतेस."

"मोठे उपकार तुमच्या ख्रिस्तसभेचे! मग तूच दे."

"दुसरं माणूस हजर असताना आईने देऊ नये. माझ्या आजीने सांगितलंय."

"आजीने! कुठे लिहिलंय?"

"लिहिलेलं शोधेपर्यंत ती जाईल गं!"

बाहेर कुठेतरी क्षेपणास्त्र फुटलं. माझ्यातलं पाणी हिंदकळून जमिनीवर सांडलं.

शालन बाळाला चोळतच होती. "पाणी नाही घातलं म्हणून देव लेकराला टाकत नाही, नाताले. माझा विश्वास तो आहे. मनात नसताना मी हे शब्द कसे म्हणू? देवापुढे खोटं होईल ते."

"माझं मानू नकोस. ख्रिस्तसभा जे करते तेच करायचं, एवढं मनात धर. तेवढं पुरतं. ताई, मला तिला दुसरं काही देता येत नाही. दूधसुद्धा नाही."

शालनने एका हाताने मला आणखी जवळ ओढलं. मग स्वतःशीच पुटपुटली, "एकटा पाळकच नाही, सगळे विश्वासणारे याजक आहेत. पेत्राच्या पत्रात लिहिलंय." आणि मोठ्याने विचारलं, "नाव काय?"

"मार्था. माझ्या आजीचं."

"मार्था. बायबलातही आहे."

तिने माझ्यात हात बुडवला. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने त्या इवल्या कपाळावर तीनदा पाणी घातलं. एक शब्द गाळला नाही.

भोंगा थांबायच्या आधी मार्था गेली.

तिला कुठे पुरलं ते मला ठाऊक नाही. मी स्वयंपाकघरात होते. चर्च नाही, म्हणून तिची नोंद नाही. दगडावर नाव नाही. पुढे एकदा शालनने केरूच्या पेटीतला खिळा घेतला आणि माझ्या अंगावर, स्वतःच्या नावाखाली, दात ओठ खाऊन 'मार्था' असं खरडलं.

नातालीन म्हणाली, "तुला लिहिलेलंच लागतं."

"हो. आणि तू सांगत राहा. नाहीतर हे नाव कोणाचं, ते पत्र्यावरून कोणाला कळणार?"

भांडण मिटलं असं समजू नका. सौदीहून परत आल्यावरही नातालीन वर्षातून एकदा वसईहून नगरला यायची. त्या नावावरून बोट फिरवायची, सगळं पहिल्यापासून सांगायची आणि मग दोघी पोपवरून कडाकडा भांडायच्या.

आता शालन नाही. नातालीनही यायची थांबली. मी माळ्यावर होते, आज खाली काढलंय. शालनची सून किशोरी दारात भंगारवाल्याशी बोलते आहे. तिचं काही चुकलं नाही. तिला कोणी सांगितलंच नाही, आणि माझ्यावर इतकी धूळ आहे की लिहिलेलं दिसत नाही.

मित्रांनो, मी ओरडले तरी पत्र्याचा आवाज होतो. तुम्हाला तर वाचता येतं. धावत या. फडकं घ्या, पहिल्या ओळीखाली पुसा. वाकडी अक्षरं लागतील. ती मोठ्याने वाचा आणि किशोरीला सांगा, ही मार्था कोण होती. नुसतं वाचून जाऊ नका. सांगा. तो वजनकाटा लावतोय.