उशीर मला झाला होता, तिला नव्हे

मी एक जुनी काळी पेटी आहे. अंग पत्र्याचं, कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या, पुढे दोन कड्या. झाकण उघडताना अशी कुरकुरते की शेजारच्या तुळसाबाई भिंतीपलीकडून विचारतात, "काहून वो, आज कोन गावाले चाललं?" वय विचाराल तर पन्नाशीला टेकले आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की डोळ्यांना पदर लावतात. माझ्याजवळ पदर नाही, आणि मला रडायचंही नाही. मला भांडायचं आहे.

पण आधी जन्म सांगते, तशी रीतच आहे.

बालाघाटच्या बाजारात दादाजी नावाचे पत्रेवाले होते. त्यांनी मला तीन दिवस ठोकून ठोकून घडवलं. मला न्यायला आला खेमराज, तिरोडीचा अठरा वर्षांचा पोरगा. त्याचा बाप तिरोडीच्या मॅंगनीजच्या खाणीत कामाला होता आणि हा नुकताच फौजेत भरती झाला होता. दादाजींनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "ने बाबू. तुह्या पोराईले बी पुरंल ही." म्हातारा खोटं बोलला नाही.

फौजेत पेटीवर मालकाचं नाव आणि हुद्दा पांढऱ्या रंगानं लिहितात. हुद्दा वाढला की जुना खरवडायचा, नवा लिहायचा. माझ्यावर आधी 'शिपाई खेमराज' होतं, मग 'नायक', मग 'हवालदार'. खेमराजनं यात स्वतःची एक भर घातली. प्रत्येक बढतीची तारीख तो माझ्या झाकणाच्या आतल्या बाजूला स्वतःच्या हातानं लिहायचा. हुद्दा जगाला दाखवायला बाहेर, तारीख आपल्यासाठी आत. अशा तीन तारखा माझ्या पोटात आहेत. त्या वाकड्या आहेत, पण खऱ्या आहेत.

बावीस वर्षं मी त्याच्याबरोबर हिंडले. थंडीत आखडले, वाळूत भाजले, ट्रकमधून आपटले. रजेवरून परतताना तो एकदाही उशिरा पोचला नाही. एकदा पुरानं रस्ता तुटला, तर गडी मला डोक्यावर घेऊन दिवसभर चिखल तुडवत गेला आणि हजेरीच्या आधी हजर झाला. भांडारातल्या लोकांना तो हसून सांगायचा, "पेटी आली म्हनजे मानूस आला." तिथे सगळेच असं म्हणत. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे यानंच घात केला.

खेमराज निवृत्त झाला, बालाघाटला घर बांधलं, आणि मी पलंगाखाली गेले. पोटात गोधड्या आल्या. मग गोधड्या काढून खैरलांजीच्या शेतातलं धानाचं बियाणं भरलं. एक वर्ष तर माझ्यावर कोंबडी अंडी उबवत बसली होती. हवालदाराच्या पेटीवर कोंबडी! मी कुरकुरले, पण ऐकतो कोण.

मला बाहेर काढलं ते त्याच्या लेकीनं, संघमित्रानं. बैहरच्या शाळेत ती गणित शिकवते. एक दिवस ती पेढे घेऊन घरी आली. प्रादेशिक सेनेत तिची अधिकारी म्हणून निवड झाली होती. मित्रांनो, या सेनेतली माणसं वर्षभर आपली नोकरी करतात, ठरलेले दिवस वर्दी घालून छावणीत जातात, आणि देशानं बोलावलं की केव्हाही निघतात. खेमराजनं कोंबडी उडवून लावली, मला अंगणात ओढलं आणि दिवसभर घासलं. मोहल्ल्यातल्या महागू पेंटरनं माझ्यावर लिहिलं, 'लेफ्टनंट संघमित्रा'. लेक म्हणाली, "बाबा, चाकाची बॅग घेते ना मी. ही लय जड हाय." बाप म्हणाला, "फौजेत मानूस अन् पेटी वेगळी नसते." संपलं बोलणं.

आता ती गोष्ट ऐका, जिच्यासाठी मी तोंड उघडलं.

सन २०२२. छावणी दोन मे ते दहा जून, चाळीस दिवसांची. त्या वर्षाची सेवा मोजली जायची तर तीस दिवस हजेरी हवी. सेवा मोजली गेली की एक जुलैला ती कॅप्टन होणार, असा हिशोब होता. संघमित्राला शाळेच्या पेपर तपासणीचं काम होतं, म्हणून ती बैहरवरून थेट बसनं गेली, पाठीवर एक पिशवी घेऊन. मला खेमराजनं अठ्ठावीस एप्रिललाच ट्रान्सपोर्टनं पाठवलं. दोन दिवसांचा रस्ता. पण वाटेतल्या एका गोदामात मला खताच्या पोत्यांमागे टाकलं आणि विसरले. ती दोन मेच्या सकाळी छावणीत हजर झाली, मैत्रिणीच्या अंथरुणावर झोपली, उसन्या बादलीनं अंघोळ केली, पण एक कवायत चुकवली नाही. मी पोचले सोळा मेला. छावणीच्या भांडारात माझ्या कुशीवरच्या ट्रान्सपोर्टच्या चिठ्ठीवर शिक्का बसला: प्राप्त, १६ मे.

ती पुढच्या वर्षीही छावणीला जाऊन आली, आणि मगच तिला कॅप्टन केलं. तारीख, एक जुलै २०२३. अख्खं एक वर्ष उशिरा! कारण विचारलं तर उत्तर आलं, "२०२२ च्या छावणीत सोळा मे रोजी उशिरा रुजू. हजेरी सव्वीस दिवस. सेवा मोजता येत नाही."

तुम्ही म्हणाल, एका वर्षानं काय होतं? सांगते. तिच्या मागून आलेले सहा जण तिच्या पुढे गेले. मेजर होऊन कंपनी हातात घ्यायला वयाची मर्यादा असते. त्या एका वर्षात ती मर्यादा ओलांडली जाणार होती, आणि तिला कंपनी कधीच मिळाली नसती. पण त्याहून जास्त टोचत होता तो एक शब्द, 'उशिरा'. ज्या घरात बाप मला डोक्यावर घेऊन पूर तुडवत वेळेवर पोचला, त्या घरातल्या लेकीच्या कागदावर 'उशिरा रुजू'!

खेमराजला यातलं अजून काही माहीत नव्हतं. त्यानं हौसेनं महागूला बोलावलं. महागूनं रंगाचा डबा उघडला आणि विचारलं, "कुशीवरची चिठ्ठी बी खरवडू का, हवालदार साहेब? चांगली झकास काळी करून टाकतो."

संघमित्रानं माझ्या झाकणावर हात ठेवला.

"काही खरवडू नका, महागूकाका. ज्या दिवशी तारीख खरी होईल, त्या दिवशी कॅप्टन लिवजा."

"मंग तोवर?"

"तोवर लेफ्टनंटच राहू द्या."

मित्रांनो, त्या क्षणी मला ती फार आवडली. पण पुढच्या छावणीत माझी शोभा झाली. तिच्या खांद्यावर तीन तारे, आणि माझ्यावर 'लेफ्टनंट'. पोरं हसायची, "मैडम, पेटी को प्रमोशन नहीं मिला क्या?" ती म्हणायची, "पेटी सच्ची है, इसलिए रुकी है."

तिनं अर्ज केला. सहा महिन्यांनी उत्तर: अभिलेखानुसार तारीख बरोबर. दुसरा अर्ज केला. उत्तर: प्रकरण बंद. तेव्हा घरातही बोलणी झाली. खेमराज म्हणाला, "सोड ना बाई. कॅप्टन झाली ना तू? मोठ्या साहेबाईसंग काहून भांडत राह्यली?"

"बाबा, तुमच्या कागदावर 'उशिरा' असं एकदा तरी लिवलं होतं काय?"

म्हातारा उठून अंगणात गेला. पुन्हा 'सोड' म्हणाला नाही.

शेवटचा मार्ग उरला होता, वरच्या अधिकाऱ्यांकडे अपील. एका रविवारी ती माझ्यासमोर मांडी घालून कागद लावत बसली. हातात नकाराचं पत्र होतं. पत्रावर 'रुजू: १६ मे'. खाली पडलेलं पेन उचलायला ती वाकली आणि तिचे डोळे माझ्या कुशीवर थांबले. प्राप्त, १६ मे. तिनं पत्र चिठ्ठीशेजारी धरलं. एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. मग अशी हसली की खेमराज काठी टेकत धावत आला.

"बाबा! सोळा तारखेले मी नाही आली, पेटी आली! भांडारातल्यानं पेट्या पाहून हजेरी भरली! पेटी आली म्हनजे मानूस आला!"

खेमराज मटकन माझ्यावरच बसला. ते वाक्य त्यानं आयुष्यभर अभिमानानं म्हटलं होतं. "मीच तर पाठवली तुले ही पेटी," तो पुटपुटला. "चूक माहीच हाय."

"तुमची नाही, पेटीची बी नाही. ज्यानं मले न पाहता माह्या नावापुढं तारीख लिवली, त्याची हाय."

मला मात्र राहवत नव्हतं. उशीर मला झाला होता आणि दंड ती भरत होती. तोंड असतं तर त्याच दिवशी ओरडून सांगितलं असतं.

अपिलाच्या सुनावणीला ती मला घेऊन गेली. जीपमध्ये टाकून, बापासकट. फाटकावरच्या शिपायानं अडवलं, "मैडम, काग़ज़ लाते हैं सुनवाई में, संदूक नहीं." ती म्हणाली, "काग़ज़ तो तीन साल से ला रही हूँ."

मला दाराबाहेर ठेवलं. दार उघडंच होतं, म्हणून सगळं ऐकू आलं. टेबलापलीकडचे ब्रिगेडियर साहेब वाईट माणूस नव्हते. उलट गोड बोलले. "कैप्टन, एक लाइन लिख दीजिए कि देरी आपसे हुई और खेद है. विशेष मामला मानकर तारीख बदलने की सिफ़ारिश कर दूँगा. आज ही."

खेमराजचा हात माझ्या कडीवर घट्ट झाला. एका ओळीत सगळं मिळत होतं. वर्ष, मेजरची वाट, कंपनी. मी श्वास रोखला. पेटीला श्वास असतो, तुम्हाला माहीत नाही इतकंच.

"सर," संघमित्रा म्हणाली, "देरी मुझसे हुई ही नहीं. खेद किस बात का लिखूँ? मुझे मेहरबानी नहीं, दुरुस्ती चाहिए."

साहेब कोरड्या आवाजात म्हणाले, "तो साबित कीजिए."

बाप-लेकीनं मला दोन्ही कड्यांना धरून आत नेलं आणि साहेबांसमोर जमिनीवर आदळलं. आवाज असा झाला की टेबलावरचा ग्लास हलला. तिनं माझ्या कुशीवर बोट ठेवलं. "सर, जो सोलह मई को आई थी, वो ये है. मोहर आपकी ही छावनी की है." मग तिनं मागणी केली, की पाच मेची गोळीबार मैदानाची वही आणा. मित्रांनो, फौजेत प्रत्येक गोळीची नोंद होते आणि झाडणाऱ्याची सही घेतात. वही यायला दुपार झाली. पानावर होतं, पाच मे, लेफ्टनंट संघमित्रा, आणि खाली तिची गणिताच्या बाईंसारखी सरळ सही.

साहेबांनी वही वाचली, चिठ्ठी वाचली. मग उठून आले, वाकले आणि माझ्या झाकणावरचा 'लेफ्टनंट' हा शब्द बोटानं पुसून पाहिला. "तीन साल से यही लिखा है?"

"जी सर."

"क्यों?"

"ग़लत तारीख़ वाला कैप्टन लिखवाना नहीं था."

साहेबांनी दोन मेपासूनच्या सगळ्या वह्या तपासायला सांगितल्या, आणि पुढचे चार महिने आम्ही वाट पाहिली. तुळसाबाई रोज विचारायच्या. शेवटी पत्र आलं, चार ओळींचं. रुजू दिनांक २ मे. हजेरी चाळीस दिवस. कॅप्टन पदाची तारीख १ जुलै २०२२. 'उशिरा' हा शेरा रद्द. त्यात विशेष बाब नाही की सहानुभूती नाही. दुरुस्ती, एवढा एकच शब्द होता.

त्याच संध्याकाळी महागू रंगाचा डबा घेऊन आला. अंगणात अर्धा मोहल्ला जमला. त्यानं 'लेफ्टनंट' खरवडलं तेव्हा मला गुदगुल्या झाल्या. मग मोठ्या पांढऱ्या अक्षरांत लिहिलं, 'कॅप्टन संघमित्रा'. कुशीवरच्या चिठ्ठीला त्यानं ब्रशही लावला नाही. उलट तिच्यावर पारदर्शक वार्निशचा हात फिरवला.

खेमराजनं झाकण उघडलं. आपल्या तीन तारखांखाली चौथी लिहिली, १ जुलै २०२२. ब्रश परत देता देता तो थांबला, लेकीकडे पाहिलं आणि मिश्कील हसला.

"अन् तो शेरा? तो कोनाच्या तरी नावावर लागलाच पायजे ना."

"लावा," संघमित्रा म्हणाली. "ज्याचा त्याले लावा."

मित्रांनो, घरात एखादी जुनी पेटी असेल तर तिला ऊन दाखवा, कड्यांना तेल द्या, कोंबडी तेवढी बसवू नका. आणि दुसऱ्याचा उशीर कोणी तुमच्या नावावर लिहिला तर एका गोड ओळीसाठी मान डोलावू नका. माझं झाकण उघडून बघा हवं तर. चार तारखांच्या खाली, हवालदाराच्या वाकड्या अक्षरांत, माझ्या स्वतःच्या नावावर लिहिलेलं आहे: 'पेटी. रुजू १६ मे. उशिरा.'

हो, झाला मला उशीर. मी कबूल करते.