माझा कोळसा बदललाच नाही

मित्रांनो, मी एक जुनी गाळणटाकी आहे आणि मी भयंकर चिडलेली आहे. माझ्यासारख्या वस्तू आपली कहाणी हळू आवाजात सांगतात म्हणे. मला ते जमणार नाही. माझी कहाणी अशीच ऐकावी लागेल.

कापड रंगवणाऱ्या एका कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये माझा जन्म झाला. जन्म कसला, जुळवाजुळवच! जुन्या बॉयलरचा पत्रा, पोटात तळाला खडी, मध्ये कोळशाचे जाड थर आणि वर वाळू. मला जुळवलं ते कारखान्यातल्या केमिस्ट ताईंनी. त्यांचे वडील तिथेच रंगारी होते, सगळे त्यांना काका म्हणत. रंगाचं उरलेलं पाणी नाल्यात सोडलं जाई आणि कामगारांच्या वस्तीतल्या विहिरीत झिरपे. काकांच्या घरी पांढरा सदरा धुतला की गुलाबी होऊन निघायचा. ताईंच्या आईच्या हातांवर चट्टे उठले होते. त्या चट्ट्यांपायी ताई मला बांधायला लागल्या.

कारखान्याचे मालक थोरले साहेब महातापट. दर दोन महिन्यांनी माझा कोळसा बदलायचा, त्यासाठी मला तीन दिवस बंद ठेवायचं, म्हणजे रंगखातंही तीन दिवस बंद, हे ऐकून ते कडाडले, "डोकं फिरलंय का तुझं?"

ताई म्हणाल्या, "माझं ठिकाणावर आहे साहेब. तुम्ही एकदा विहीर बघून या."

आणि ते खरंच गेले! ओंजळीत पाणी घेतलं, वास घेतला, तोंड वाकडं करून परत आले. "तीन दिवस म्हणजे तीनच. चौथ्या दिवशी भट्ट्या पेटल्या पाहिजेत," म्हणाले. नऊ वर्षं मी मान मोडून काम केलं. सदरे पांढरे निघू लागले आणि आईंचे चट्टे बुजले. त्या दिवसांत मला स्वतःचा फार अभिमान वाटायचा.

मग थोरले गेले आणि त्यांचे चिरंजीव आले. धाकट्या साहेबांना नवं ते सगळं आवडायचं. मला निळा रंग लावला, वर पितळी पाटी ठोकली आणि तिच्यावर लिहिलं, मी त्यांच्या कल्पनेतून साकारले! आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय? कंपनीचे अध्यक्ष तेच, रोजचा कारभार बघणारेही तेच, आणि संचालक मंडळातले पाचही जण त्यांनीच नेमलेले. सूर्य पश्चिमेला उगवतो असं साहेब म्हणाले असते, तर या पाचांनी खिडक्यांचे पडदे तिकडे हलवले असते.

कोळसा बदलायची वेळ आली तेव्हा ताई बैठकीत उभ्या राहिल्या. साहेब म्हणाले, "माझ्या कारकिर्दीत हा कारखाना एक दिवससुद्धा बंद राहणार नाही." पाचही माना हलल्या. त्यातल्या एकानं सकाळी शेडमध्ये येऊन ताईंना सांगितलं होतं, "तुमचं अगदी बरोबर आहे." बैठकीत मात्र तोही मूग गिळून बसला.

जेवून तट्ट झालेल्याला आणखी वाढलं तर तो तरी काय करणार? माझा कोळसा रंगानं भरला होता. आलेला रंग मी तसाच्या तसा बाहेर सोडू लागले. वर्ष गेलं. विहीर पुन्हा लाल झाली, चट्टे परत आले. आणि इकडे? कारखाना बघायला पाहुणे येणार असले की नळवाला मागून पिण्याच्या पाण्याची नळी आणून माझ्या तोटीला जोडायचा. साहेब ग्लास भरून घटाघट प्यायचे, टाळ्या पडायच्या. एकदा तर शुद्ध पाण्याचं बक्षीसही मिळालं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, फक्त मला बोलता येत नव्हतं.

पुढच्या वेळी पाहुणे येण्याआधी काकांनी ती नळी गुपचूप काढून ठेवली. नळवाल्यानं पाहिलं आणि पाठ फिरवली, कारण त्याचंही घर त्याच वस्तीत होतं. साहेबांनी बोलता बोलता तोटी सोडली, न बघता ग्लास भरला आणि तोंडाजवळ नेला. मग हात थांबला. पाणी लालभडक होतं.

"काका," साहेब हसून म्हणाले, "पाहुण्यांना जरा पिऊन दाखवा बरं."

"आम्ही रोजच पितो साहेब," काका म्हणाले. "आज तुम्ही घ्या."

साहेबांनी त्या पाचांकडे पाहिलं. एक बूट बघत होता, दोघे छताकडे, एक फोनमध्ये. पाचवा, तोच तो सकाळचा शहाणा, म्हणाला, "साहेब, जेवण थंड होतंय." झालं! सगळे जेवायला गेले. पाहुण्यांनी जाताना वहीत लिहिलं, 'उपक्रम स्तुत्य आहे.'

दुसऱ्या दिवशी काकांना आणि ताईंना गेटबाहेर काढलं. माझी तोटी वेल्डिंगनं बंद केली. शेजारी नवं, चकचकीत यंत्र येणार आहे, त्याची पाटी आधीच तयार आहे. रंगाचं पाणी आता सरळ नाल्यात जातं. वस्तीत टँकर येतो, तोही दिवसाआड.

मित्रांनो, यंत्रांची निगा राखा, तेलपाणी करा, असं सांगून मी थांबावं अशी तुमची अपेक्षा असेल. मला तेलपाणी नको. साहेब वाईट होते म्हणून हे झालं असं म्हणून मोकळेही होऊ नका. थोरलेही काही संत नव्हते, पण त्यांना तोंडावर सुनावता येत होतं. त्या पाचांना सगळं माहीत होतं आणि तीन दिवसांचं काम होतं! उद्या तुमच्यातलं कुणीतरी त्या पाचांसारख्या खुर्चीवर बसेल. तेव्हा साहेबांच्या तोंडावर 'नाही' म्हणा. भीती वाटेल, तरी म्हणा. आवाज कापला तरी चालेल, शब्द ऐकू गेला पाहिजे.